तान्ह्या बाळाचे अर्बुद : वैद्याचे पहिले कर्तव्य

सुश्रुताचार्यांनी निदानस्थानात अर्बुदाचे वर्णन केले आहे. परंतु तेवढ्या आधारावर तान्ह्या बाळाच्या कर्करोगाची चिकित्सा आरंभणे उचित नव्हे, असे आमचे स्पष्ट मत आहे. रेटिनोब्लास्टोमा या दृष्टिपटलाच्या कर्करोगात डोळ्याच्या बाहुलीत पांढरी चमक दिसते. व्याधी डोळ्यापुरता असताना आधुनिक उपचार मिळाल्यास बहुतेक बालके वाचतात. तो मेंदूकडे पसरल्यावर आशा क्षीण होते. अशा वेळी नेत्रबिंदू वा भस्म देऊन वाट पाहणे हा बाळावर अन्यायच. औषधालयचालकांनीही पालकांना त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे धाडावे. आपल्या शहरात २०१२ पासून शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगोपचार समाविष्ट आहेत. वैद्यबंधूंनो, साध्यासाध्यता जाणून रुग्ण वेळेत योग्य हाती सोपविणे, हीही चिकित्साच होय.