भागवत ऐकावें कीं वाचावें?

१९८२ च्या संपानंतर लोअर परळच्या गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. चाळींतले टाळमृदंग मात्र बंद पडले नाहींत. ही भक्ति खरी आहे, म्हणूनच स्पष्ट लिहितों. चाळींत असो वा गांवीं, जेथें वर्गणी काढून संस्कृत भागवताचें पारायण होतें, तेथें पोथी एकाची, दक्षिणाही त्याचीच. ऐकणाराच्या वांट्यास फक्त मान डोलावणें!

भागवताचे स्कंध १२. त्यांतील अकराव्याचे ३१ अध्याय एकनाथांनीं मराठी ओव्यांत उलगडले. पैठणास आरंभ करून तें काम १५७३ सालीं काशींत पुरें केलें. ब्राह्मण कुळांत जन्मून त्यांनीं कुलूप काढलें. आपण मात्र उघड्या दारापुढें पैसे मोजून उभे!

देव आणि माणूस यांमध्यें दलाल नको, असें जोतीरावांच्या सत्यशोधक समाजानें १८७३ पासून सांगितलें. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीनें १८९० सालीं गिरणीकामगारांस रविवारची सुटी मिळाली. त्या रविवारीं घरांतल्या मुलाला, तसेंच मुलीलाही, एक अध्याय मोठ्यानें वाचूं द्या. अडेल तेथें विचारा. पटणार नाहीं तेथें वाद घाला. वर्गणी उरेल, तिच्या पाट्या-वह्या घ्या.