वामनदादा वाजतात, पण ऐकले जातात का?

१४ एप्रिलला वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा, मानोरा, कुठेही जा. डीजेच्या भिंती उभ्या असतात आणि त्यातून वामनदादा कर्डक वाजत असतात. पोरं नाचतात. आम्हीही नाचलो आहोत. आमचा आक्षेप नाचण्याला नाही, गाळण्याला आहे.

वामनदादांनी बाबासाहेबांचे उपकार गायले, तसा हिशोबही मागितला. टाटा-बिर्लांची नावं घेऊन देशाच्या धनात आमचा वाटा कुठे आहे, असं त्यांनी थेट गाण्यातून विचारलं. आमच्या मिरवणुकांत उपकाराची गाणी दणाणतात. हिशोबाची मात्र ऐकू येत नाहीत.

अमेरिकेतही असंच घडलं. लोकगायक वुडी गथ्री यांनी १९४० मध्ये 'धिस लँड इज युअर लँड' लिहिलं. खासगी मालकीच्या पाटीवर आणि मदतीच्या रांगेतल्या भुकेल्या माणसांवर त्यात कडवी होती. शाळांनी गाणं उचललं, ती कडवी सोडली. जानेवारी २००९ मध्ये ओबामांच्या शपथविधीपूर्वीच्या सोहळ्यात ८९ वर्षांच्या पीट सीगर यांनी लिंकन स्मारकासमोर तीच कडवी गायली.

तिथे व्यवस्थेने गाळलं. इथे कोण गाळतंय? आपणच!

१५ ऑगस्ट १९२२ रोजी सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत जन्मलेला हा माणूस मोठेपणी अक्षरं शिकला आणि १५ मे २००४ रोजी जाईपर्यंत चळवळीचाच राहिला. त्याआधी भीमराव कर्डकांसारख्यांचे जलसे वस्त्यावस्त्यांत फिरले होते. ज्या आईला वाचता येत नव्हतं, तिला बाबासाहेबांचा विचार गाण्यातून कळला. जलसा ही करमणूक नव्हती, शाळा होती. त्या शाळेत प्रश्न विचारायला शिकवत.

काही कार्यकर्ते म्हणतात, डीजेशिवाय पोरं जमत नाहीत. मग वामनदादांपुढे माणसं कशी जमली? ढोलकी आणि पेटीवरच ना? आणि नुसती गर्दी म्हणजे संघटना नव्हे. गर्दी रात्री घरी जाते, प्रश्न सकाळीही सोबत असतो.

२०१८ मध्ये नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत वाशिम आला. म्हणजे हा जिल्हा मागे राहिला, हे सरकारनेच मान्य केलं. मग वाट्याचा प्रश्न इथे नाही विचारायचा तर कुठे?

म्हणून जयंती मंडळांना आमचं सांगणं साधं आहे. वर्गणीतला एक हिस्सा गावातल्या गायन पार्टीच्या मानधनासाठी राखा. मिरवणुकीआधी एक रात्र बुद्धविहारात जलसा ठेवा. म्हाताऱ्या गायकांच्या वह्या वाळवीने खाण्याआधी उतरवून घ्या, कवीच्या नावासकट, सगळ्या कडव्यांसकट. गाणं अर्धं गाणं ही आदरांजली नव्हे.

वामनदादांनी विचारलेला प्रश्न अजून उभा आहे. तो आवाज वाढवून बुजवू नका. त्याला उत्तर मागा.

जय भीम!