साहेबाची पात्रता कोण तपासतं?

ब्रिटनमधल्या सरकारी रुग्णालयात डॉक्टर, नर्स, फार्मासिस्ट यांचं नाव आपापल्या परिषदेच्या नोंदवहीत नसेल, तर त्यांना कामाला हात लावता येत नाही. गंभीर चूक झाली तर ते नाव खोडलंही जातं. पण या सगळ्यांच्या ड्युट्या लावणारा, किती खाटा चालू ठेवायच्या आणि पैसा कुठे वळवायचा हे ठरवणारा मॅनेजर अशा कुठल्याच नोंदवहीत नसतो. गंभीर गैरवर्तन करणाऱ्या संचालकांना पुन्हा असं पद मिळू नये, अशी व्यवस्था करा, हे सरकारने मागवलेल्या २०१९च्या कार्क अहवालाने सांगितलं. सरकारची हालचाल त्यानंतर कित्येक वर्षांनी सुरू झाली.

रुग्णालयाबाहेर तर याहून मोकळं रान आहे. चार्टर्ड मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट आणि यूगव्ह ही पाहणी संस्था यांनी २०२३मध्ये केलेल्या पाहणीत, मॅनेजर झालेल्यांपैकी ८२ टक्के लोक व्यवस्थापनाचं कुठलंही रीतसर प्रशिक्षण न घेता त्या खुर्चीत बसल्याचं दिसलं. उत्तम वेल्डर आहे, हुशार प्रोग्रामर आहे, मग दे दहा माणसं हाताखाली! आपल्याकडेही बढती अशीच होते, आणि एक चांगला कारागीर गमावून एक गोंधळलेला साहेब पदरी पडतो.

ही पाहणी करणारी चार्टर्ड मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट १९४७ची. तिला २००२मध्ये राजसनद मिळाली आणि त्यापाठोपाठ ‘चार्टर्ड मॅनेजर’ हा दर्जा सुरू झाला. मला तो मोलाचा वाटतो, कारण तिथे पाठांतर चालत नाही. तुमच्या हाताखालच्या कामात तुमच्यामुळे नेमकं काय बदललं, ते पुराव्यानिशी मांडावं लागतं. मूल्यमापक त्यावर खोदून प्रश्न विचारतात. दर्जा मिळाल्यावरही शिकत राहण्याचं आणि आचारसंहिता पाळण्याचं बंधन असतं.

माझं म्हणणं एवढंच, की हा दर्जा लंडनच्या मुख्यालयांत मिरवण्यापुरता राहू नये. त्याची खरी गरज दूरच्या गावांत आहे, वृद्धाश्रम, गोदामं आणि नगरपालिकेच्या कचेऱ्या चालवणाऱ्यांना.

इंग्लंडमधल्या रॉचडेलचंच पाहा. तिथे एका बापाने आपल्या भाड्याच्या सदनिकेतल्या बुरशीची तक्रार २०१७पासून केली होती. डिसेंबर २०२०मध्ये त्याचा दोन वर्षांचा मुलगा, अवाब इशाक, गेला. बुरशीत दीर्घकाळ राहिल्यामुळे हा मृत्यू झाला, असा निष्कर्ष २०२२च्या चौकशीत निघाला. घर स्वस्त भाड्याने घरं देणाऱ्या एका सामाजिक गृहसंस्थेचं होतं. तक्रार आली की ती कुणी वाचायची, घर बघायला कुणी जायचं, काम झालं की नाही हे कुणी तपासायचं, हे सगळं व्यवस्थापनच असतं आणि ते नीट न झाल्याने मूल गेलं. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरच्या २०१७च्या आगीत ७२ माणसं गेली, त्यानंतर तिथले रहिवासी हेच ओरडून सांगत होते. अखेर २०२३च्या कायद्यात इंग्लंडमधल्या सामाजिक घरांच्या वरिष्ठ व्यवस्थापकांना ठरावीक पात्रता सक्तीची करण्याची तरतूद आली. इतके जीव गेल्यावर ती यावी, याचा मला संताप येतो.

प्रशिक्षणाने खरंच फरक पडतो का, याचा भक्कम पुरावा आपल्या दारात आहे. अर्थतज्ज्ञ निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तारापूर आणि उंबरगावच्या कापड कारखान्यांत प्रयोग केला. काहींना पाच महिने सल्लागार दिले. सुताच्या साठ्याची नोंद, यंत्रांची वेळच्या वेळी देखभाल, दोषांचा रोजचा हिशेब अशा साध्या गोष्टी लावून दिल्या. पहिल्याच वर्षात उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली. काही वर्षांनी संशोधक परत गेले, तेव्हा यातल्या जवळपास निम्म्या पद्धती बंद पडल्या होत्या. एक मोठं कारण म्हणजे मॅनेजर बदलले होते. मला यातला हा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. कारखान्याला शिकवलेलं माणसाबरोबर निघून जातं. म्हणून पात्रता माणसाची हवी, आणि त्याच्या जागी येणाऱ्याकडेही ती हवी.

ब्रिटनमध्ये त्यासाठी पैसा आहे. वर्षाला ३० लाख पौंडांहून जास्त पगार वाटणाऱ्या मालकांकडून २०१७पासून अर्धा टक्का शिकाऊ उमेदवारीसाठी घेतला जातो, आणि इंग्लंडमध्ये नोकरी करता करता पदवी घेऊन चार्टर्ड मॅनेजर होण्याची वाटही आहे. ती वाट वेल्समधल्या छोट्या कारखान्यापर्यंत न्यायची, तर सरकारी कंत्राटं देताना ही पात्रता मागायला हवी.

कागदाने माणूस चांगला होत नाही, हा आक्षेप मला मान्य आहे. पण आपण सीएवर विश्वास टाकतो तो का? १९४९च्या कायद्याने उभ्या राहिलेल्या संस्थेच्या शाखा सांगली, सोलापूर, लातूरला आहेत, आर्टिकलशिप तालुक्याच्या गावीही करता येते, आणि तिथल्या सहीला मुंबईइतकीच किंमत असते. चाकण, वाळूज, बुटीबोरीतल्या शिफ्ट इन्चार्जसाठी असंच काही उभं करायचं, तर उद्योजकांच्या संघटनांनी आधी मूल्यमापक तयार करावेत. आणि ज्याचं सगळं काम मराठीत चालतं, त्याची मुलाखतही मराठीतच घ्यावी.