विश्लेषण : जहाजाच्या पोलादाला नुसती ताकद का पुरत नाही?

देशातील जहाजबांधणीला चालना देण्यासाठी केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये ६९,७२५ कोटी रुपयांच्या योजनांना मंजुरी दिली. जहाजे वाढायची तर पोलादी प्लेटही वाढीव लागणार. पण कोणती? बाजारात ‘एएच ३६’, ‘ईएच ४०’ अशी डझनभर नावे आहेत. त्यातले सर्वात ताकदवान घेतले की झाले, असे मात्र नाही.

ही नावे कशी वाचायची?

नावातला आकडा ताकद सांगतो. किती ताणापर्यंत प्लेट कायमची न वाकता पुन्हा मूळ आकारात येते, त्याचे हे माप. पूर्वी ते प्रति चौरस मिलिमीटर किलोग्रॅममध्ये मोजत. म्हणून ३२, ३६, ४०. आजच्या एककात ही मर्यादा अनुक्रमे ३१५, ३५५ आणि ३९० मेगापास्कल इतकी आहे. साध्या जहाजी पोलादाची २३५ मेगापास्कल असते. ‘एच’ म्हणजे उच्च ताकद. त्याआधीचे अक्षर मात्र ताकदीचे नव्हे, थंडीत टिकण्याचे माप आहे. ‘ए’ची आघात चाचणी शून्य अंशाला, ‘डी’ची उणे २०, ‘ई’ची उणे ४० आणि ‘एफ’ची उणे ६० अंश सेल्सिअसला होते. म्हणजे ‘एएच ३६’ आणि ‘ईएच ३६’ यांची ताकद सारखीच. फरक आहे तो चिवटपणात.

थंडीला एवढे महत्त्व का?

१६ जानेवारी १९४३ रोजी अमेरिकेतील पोर्टलंडच्या धक्क्याला उभे असलेले ‘शेनेक्टडी’ हे नवे तेलवाहू जहाज शांत पाण्यात मधोमध दुभंगले. दुसऱ्या महायुद्धात घाईने बांधलेल्या ‘लिबर्टी’ जहाजांनाही अशाच भेगा पडल्या. सुरुवातीला दोष वेल्डिंगवर गेला. केंब्रिजच्या धातुशास्त्रज्ञ कॉन्स्टन्स टिपर यांनी दाखवून दिले, की एका ठरावीक तापमानाखाली ते पोलादच ठिसूळ होत होते. रिव्हेट मारलेल्या जहाजात भेग प्लेटच्या कडेपाशी थांबे. वेल्ड केलेल्या जहाजात तिला अडवणारे काही नव्हते. आजची अक्षरे त्या धड्यातून आली आहेत. त्यामुळे अरबी समुद्रात फिरणाऱ्या जहाजाला जे चालेल, ते आर्क्टिकला जाणाऱ्याला चालेलच असे नाही.

ताकद वाढली की सगळेच वाढते का?

नाही, आणि गफलत नेमकी इथेच होते. जास्त ताकदीच्या पोलादाने प्लेट पातळ करता येते, जहाज हलके होते, माल जास्त मावतो, इंधन वाचते. पण पोलादाचा ताठपणा ग्रेडप्रमाणे बदलत नाही. पातळ प्लेट दाबाखाली लवकर मुडपते. गंजण्याचा वेगही जवळपास तोच राहतो. वीस मिलिमीटरमधून दोन मिलिमीटर झिजले, तर दहा टक्के जाडी गेली. पंधरामधून तेवढेच झिजले, तर तेरा टक्क्यांहून अधिक. लाटांचे हेलकावे वर्षानुवर्षे सोसून वेल्डपाशी जो थकवा येतो, तोही महाग ग्रेड घेतल्याने कमी होत नाही. म्हणूनच वर्गीकरण संस्थांचे नियम पूर्ण सूट देत नाहीत. ३५५ मेगापास्कलच्या पोलादासाठी निव्वळ गणिताने ०.६६ हा गुणक येतो, नियम ०.७२ धरतात. ३९०ला गणित ०.६० सांगते, नियम सर्वसाधारणपणे ०.६८ मानतो. ताकद वाढेल तसा फायदा आखडता घेतला जातो.

तेलफलाटांचे पोलाद वेगळे का?

जहाज दुरुस्तीसाठी गोदीत आणता येते. समुद्रात रोवलेला फलाट दशकानुदशके जागेवरच राहतो. त्याचे जाड नळखांब एकमेकांना वेल्ड केलेले असतात आणि सांध्यावर प्लेट तिच्या जाडीच्या दिशेने ताणली जाते. लाटलेल्या पोलादाची ही कमकुवत बाजू. पापुद्रे सुटावेत तशी प्लेट आतून फाटू शकते. म्हणून अशा ठिकाणी ‘झेड २५’, ‘झेड ३५’ ही जाडीच्या दिशेची चाचणी उत्तीर्ण झालेली प्लेट मागवतात. २७ मार्च १९८० रोजी उत्तर समुद्रात ‘अलेक्झांडर कीलँड’ हा कामगारांच्या निवासाचा तरंगता फलाट उलटला आणि १२३ जण बुडाले. चौकशीत माग लागला तो एका ध्वनिग्राहकाच्या आधाराभोवतीच्या छोट्याशा वेल्डपर्यंत. तिथली भेग थकव्याने वाढत गेली होती.

मग चांगली प्लेट कशी बनते?

कार्बन वाढवून ताकद मिळवणे सोपे, पण असे पोलाद वेल्डिंगनंतर तडकते. म्हणून आधुनिक गिरण्या कार्बन कमी ठेवतात आणि लाटण्याचे तापमान व थंड करण्याचा वेग काटेकोर राखून कण बारीक करतात. या पद्धतीला ‘टीएमसीपी’ म्हणतात. अशा ‘३६’ ग्रेडच्या ५० मिलिमीटरपर्यंतच्या प्लेटसाठी ‘कार्बन समतुल्य’ ०.३८ टक्क्यांच्या आत लागते. हा आकडा कमी, तितके वेल्डिंग सुकर.

भारत कुठे आहे?

हैदराबादच्या संरक्षण धातू संशोधन प्रयोगशाळेने विकसित केलेले ‘डीएमआर २४९’ पोलाद ‘सेल’ने तयार केले. २ सप्टेंबर २०२२ रोजी नौदलात दाखल झालेल्या ‘विक्रांत’साठी ‘सेल’ने सुमारे ३० हजार टन विशेष पोलाद पुरवले. मुंबईच्या माझगाव डॉकने बांधलेल्या ‘विशाखापट्टणम’ विनाशिकेतही हेच देशी पोलाद आहे. क्षमता आहे, हे यातून सिद्ध झाले. मात्र युद्धनौका मोजक्या असतात. व्यापारी जहाजांच्या प्लेट मोठ्या प्रमाणात, वेळेवर आणि परवडणाऱ्या दरात द्याव्या लागतील.

त्यासाठी केवळ टनांचे उद्दिष्ट पुरणार नाही. प्लेट गिरणीतून प्रमाणपत्र घेऊन येते, पण तिचे गुण टिकतात की जातात हे गोदीतल्या वेल्डरच्या हातात असते. उष्णता जास्त झाली, इलेक्ट्रोड ओलसर राहिला, तर ‘ईएच’ची प्लेटही सांध्यापाशी ठिसूळ होते. अनुदानाचा वाटा यंत्रांइतकाच वेल्डरच्या प्रशिक्षणाला आणि तपासणीसाच्या स्वातंत्र्यालाही मिळायला हवा. ‘शेनेक्टडी’ आणि ‘कीलँड’ दोन्ही हेच सांगतात, की भेग नेहमी सर्वात दुबळी जागा शोधते. तिला प्लेटवर छापलेला आकडा वाचता येत नाही.