फेलोशिपचा अर्ज गावात लिहिला जावा



आपल्या कोरडवाहू गावांतून आता वकील निघू लागले आहेत. कपाशीच्या चुकाऱ्यातून फी भरून पोरापोरींनी एलएल.बी. केले. पण सनद हाती आल्यावर पुढे काय होते ते आपण पाहतोच. तीन-चार वर्षे ज्येष्ठ वकिलाच्या टेबलाशी उभे राहायचे, तारखा लिहून घ्यायच्या, झेरॉक्स आणायच्या आणि एस.टी.चे भाडे घरून मागायचे. सुप्रीम कोर्टाने जुलै २०२४ मध्ये सनदेची फी कायद्यात लिहिलेल्या ७५० रुपयांवर आणली, अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५ रुपयांवर. दार स्वस्त झाले, आत टिकणे नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरात बार कौन्सिल ऑफ इंडियाने ज्युनियरला शहरात २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार रुपये महिना द्यावेत असे परिपत्रक काढले. पण ती शिफारस आहे, सक्ती नव्हे. मग पोरगा हिशेब करतो आणि बँकेच्या वसुलीची वकिली धरतो, नाही तर स्पर्धा परीक्षेला बसतो. त्याला दोष द्यायला आमची जीभ रेटत नाही.

यातून एक वाट निघते. मानवी हक्कांच्या कामासाठी नव्या वकिलांना फेलोशिप मिळते. वर्ष-दोन वर्षे पोटापुरता पैसा मिळतो, आणि ज्याला वकील परवडत नाही त्याचे काम करायचे असते. अमेरिकेत १९६७ साली रेजिनाल्ड हेबर स्मिथ यांच्या नावाने सरकारी पैशातून अशी फेलोशिप निघाली आणि नुकतेच पास झालेले वकील गरीब वस्त्यांत गेले. १९८८ पासून न्यूयॉर्कची स्कॅडन ही बडी वकिली कंपनी दोन वर्षांची फेलोशिप देते. बड्या कंपन्यांचे खटले लढवून मिळालेला हा पैसा, हे खरे. पण तिची एक अट आम्हाला पटते. अर्जदाराने आधी आसरा देणारी संस्था शोधायची, काम स्वतः आखायचे, मग पैसा मागायचा.

कोणी म्हणेल, मानवी हक्क म्हणजे पोलीस कोठडी आणि दिल्लीतली भाषणे. आमच्या पऱ्हाटीशी त्याचा काय संबंध? १९९३ च्या मानवी हक्क संरक्षण कायद्यातली व्याख्या वाचा. जीवित, स्वातंत्र्य, समता आणि प्रतिष्ठा. यातले काय आपल्या बांधावर नाही?

कॅलिफोर्नियाचे उदाहरण घ्या. तिथल्या शेतमजुरांसाठी १९६६ साली सरकारी पैशातून एक ग्रामीण वकील संस्था निघाली. मजुरांच्या हाती तेव्हा जेमतेम फूटभर दांड्याचे खोरे असे. दिवसभर कमरेत वाकून विरळणी करायची. मालक म्हणत, लांब दांड्याने पीक दुखावते. खरी सोय अशी होती की कोण ताठ उभा राहिला ते मुकादमाला लांबून दिसे. मॉरिस जूर्डेन नावाच्या तरुण वकिलाला मजुरांनीच सांगितले, आधी हे खोरे धरून बघ. त्याने धरले. मग डॉक्टरांच्या साक्षी गोळा झाल्या, मणक्यांचे हाल कागदावर आले, आणि १९७५ साली त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर ते खोरे बंद झाले. कायद्याची मोठी पोथी उघडावी लागली, पण सुरुवात दांड्याच्या लांबीपासून झाली.

(आणि उद्या आपलीच पोरगी वकील होऊन आपल्याच रानात निंदणाऱ्या बाईच्या मजुरीचा प्रश्न घेऊन आली, तर? येऊ द्यावी. ऐकून घ्यायची तयारी नसेल तर हक्काची भाषा आपणही बोलू नये.)

म्हणून अर्ज लिहिणाऱ्या पोरापोरींना आमचे सांगणे आहे. पहिले पान १९४८ च्या जाहीरनाम्यावर खर्च करू नका; अर्ज वाचणाऱ्यांना तो पाठ असतो. एक तालुका घ्या, एक फाईल घ्या. कर्जापायी नवरा गेलेल्या बहिणीची फाईल घ्या. जानेवारी २००६ च्या शासन निर्णयाप्रमाणे एक लाखाची मदत आहे, पण कर्ज बँकेचे, सोसायटीचे किंवा परवानाधारक सावकाराचे हवे. कृषी केंद्राची उधारी, सोयऱ्याचे हातउसने यांना कागद कुठला? शेरा पडतो, अपात्र. त्या बहिणीला हे कोणी सांगितलेले नसते की १९८७ च्या विधी सेवा कायद्याच्या कलम १२ प्रमाणे बाईला उत्पन्न न विचारता फुकट वकील मिळतो. अशा फाईली एका तालुक्यात किती, त्या कोणत्या शेऱ्यावर अडल्या, हे मोजून लिहा.

किंवा बियाण्याचे घ्या. २०१२ साली सुप्रीम कोर्टाने आंध्रच्या शेतकऱ्यांच्या बाजूने निकाल दिला की बी विकत घेणारा शेतकरी ग्राहक आहे. तपासणीला नमुना का राखला नाही, हा कंपनीचा मुद्दाही चालला नाही. आणलेले बी शेतकरी पेरणारच. निकाल आहे, पण तो ग्राहक आयोगापुढे मांडायला बिल, पिशवी, लेबल आणि पंचनामा सांभाळून ठेवणारे माणूस गावात हवे. त्या माणसाचा दोन वर्षांचा खर्च मागणे म्हणजे फेलोशिपचा अर्ज.

एक खाचखळगा सांगून ठेवतो. बार कौन्सिलच्या नियम ४९ प्रमाणे वकिली करणाऱ्याला पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही. तेव्हा मिळणारा पैसा मानधन आहे की पगार, हे सही करण्याआधी लेखी विचारून घ्या. पैसा कुणाचा, आणि तो कोणत्या विषयावर गप्प बसायला सांगतो, हेही विचारा. गप्प बसायची अट असेल तर अर्ज फाडून टाका.

आता आपले काम. आसऱ्याचे पत्र आपण द्यायचे. पोर हुशार आहे, होतकरू आहे, असले दाखल्याछाप पत्र उपयोगाचे नाही. बसायला कोणती खोली, गावोगाव फिरायला सोबत कोण, कोणत्या गावांनी फाईली दाखवायचे कबूल केले, आणि दोन वर्षे संपल्यावर खोलीचे भाडे कोण भरणार, हे त्यात यावे. भाड्याचा प्रश्न सगळ्यात अवघड आहे. फेलोशिप संपली की वकील शहरात आणि फाईल पुन्हा फडताळात, अशी आम्हाला धास्ती आहे. कापूस विकल्यावर प्रत्येक घराने थोडी वर्गणी टाकली तर भाडे निघते. किती टाकायची ते गावाने ठरवावे.

जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक तालुक्याने आपल्याकडच्या एलएल.बी. झालेल्या पोरापोरींची यादी आणावी, आणि ‘अपात्र’ शेरा पडलेल्या तीन फाईलींच्या झेरॉक्स. मूळ कागद कुणाच्या हाती देऊ नयेत.