उपेक्षित युरेनस

‘गॅलिलिओ’ आणि ‘जुनो’ या यानांनी गुरूभोवती वर्षानुवर्षे प्रदक्षिणा घातल्या. ‘कॅसिनी’ने २००४ पासून २०१७ पर्यंत शनीचा परिवार न्याहाळला. युरेनसच्या वाट्याला मात्र आजवर एकच पाहुणा आला. ‘नासा’चे ‘व्हॉयेजर-२’ २४ जानेवारी १९८६ रोजी या ग्रहाजवळून निघून गेले. त्या ओझरत्या भेटीतील नोंदींवरच शास्त्रज्ञांना प्रामुख्याने विसंबावे लागले.

ही शिदोरी किती फसवी असू शकते, हे २०२४ मध्ये दिसून आले. जुन्या नोंदी पुन्हा तपासल्या असता, यान पोहोचण्याच्या सुमारास सूर्याकडून आलेल्या विद्युतभारित कणांच्या झोताने ग्रहाचे चुंबकीय कवच दाबले गेले होते, असे आढळले. म्हणजे अपवादालाच नियम मानले गेले होते.

युरेनसभोवती फिरणाऱ्या यानास मोठ्या मोहिमांत अग्रक्रम द्यावा, अशी शिफारस अमेरिकेच्या राष्ट्रीय अकादमींनी २०२२ मध्ये केली. प्रश्न केवळ पैशांचा नाही. २०३१-३२ मध्ये उड्डाण झाल्यास गुरूच्या गुरुत्वाकर्षणाचे साह्य मिळून सुमारे १३ वर्षांत तेथे पोहोचता येईल. ही संधी हुकल्यास प्रवास लांबेल. शिवाय तेथील सूर्यप्रकाश इतका क्षीण, की विजेसाठी प्लुटोनियम-२३८ हवे आणि त्याचे उत्पादन मर्यादित आहे.

दूरच्या ताऱ्यांभोवती याच आकाराचे ग्रह मोठ्या संख्येने सापडत असताना घरचाच नमुना अनोळखी राहावा, हे विसंगत आहे. वेळेत उड्डाण झाले तरी आज आराखडा आखणारे अनेक शास्त्रज्ञ यान पोहोचेपर्यंत निवृत्त झालेले असतील. विलंबाची किंमत येथे पिढ्यांत मोजावी लागते.