पिंजऱ्यांतील रोगी

पाखरूं आपलें दुखणें शक्य तोंवर लपवितें. रानांत दुबळें दिसलें, कीं शिकारी पक्षी त्यालाच हेरतो. म्हणून बाजारांत ‘लव्हबर्ड’ या नांवानें मिळणारा बजरीगर घरीं असल्यास त्याला रोज सकाळीं नीट न्याहाळावें. पिसें फुलवून पेंगणें, श्वासाबरोबर शेपटी खालींवर होणें, दांडी सोडून तळाशीं बसणें, विष्ठेचा रंग पालटणें, हीं लक्षणें हवापालटाचीं समजून सोडूं नयेत. वाटी भरलेली दिसली म्हणूनहि निश्चिंत राहूं नये. फुंकर घालून टरफलें उडवावीं, आणि खालचा दाणा किती सरला तें पाहावें. शंका येतांच ऊब द्यावी व त्याच दिवशीं पशुवैद्य गांठावा. ३०-४० ग्रॅम वजनाच्या जिवाला उद्यांची वाट पाहणें परवडत नाहीं.